थोरले, धाकटे आणि मधले

शिड्यांच्या त्या कारखान्याला मालक दोनच होते, पण लोक मोजताना तीन मोजत. थोरले, धाकटे आणि मधले. मधले हे त्या दोघांचे भाऊ नव्हते, नात्यातले नव्हते, भागीदार तर नव्हतेच. ते पगारी व्यवस्थापक होते. थोरल्यांची खोली डावीकडे, धाकट्यांची उजवीकडे आणि मधल्या बोळात यांचं टेबल. त्यावरून कोणीतरी गमतीनं ‘मधले’ म्हटलं आणि ते कायमचं चिकटलं. पुढे पुढे बँकेतले लोकसुद्धा फोनवर ‘मधले आहेत का?’ असं विचारू लागले. एकदा त्यांच्या बायकोनंही कारखान्यात फोन करून तेच विचारलं, तेव्हा मात्र त्यांना थोडं वाईट वाटलं.

टेबल बोळात असायला कारण होतं. थोरले आणि धाकटे कारखान्यात एकमेकांशी बोलत नसत. भांडण झालं होतं रंगावरून. थोरल्यांनी एका गिऱ्हाइकाला निळ्या शिड्या कबूल केल्या आणि धाकट्यांनी त्या सगळ्या हिरव्या रंगवल्या. थोरले म्हणाले, विचारून रंगवायच्या. धाकटे म्हणाले, सांगून कबूल करायचं. दोघांचंही बरोबर होतं, म्हणूनच भांडण मिटेना. एकाचं चुकलं असतं तर चार दिवसांत मिटलं असतं. बरं, घर एकच. थोरले वर राहत, धाकटे खाली. जावाजावांचं गूळपीठ असं की वरच्या घरात शिंक आली तर खालून औषध जाई. अबोला फक्त कारखान्यापुरता होता, आणि तो इतका जुना झाला होता की तो मोडायचं कोणाच्या मनातही येत नसे.

मग धंदा चालायचा कसा? तर मधल्यांच्या जिभेवर. थोरले विक्री बघत, धाकटे उत्पादन, आणि इकडची माहिती तिकडे न्यायची ती मधल्यांनी. आता नुसती न्यायची असती तर शिपाईही पुरला असता. मधल्यांची खरी कारागिरी वाटेत चाले. थोरले ओरडत, “त्या शहाण्याला सांगा, माल वेळेत गेला नाही तर गिऱ्हाईक मला जोड्यानं हाणेल!” मधले बोळ ओलांडून उजवीकडच्या दारात उभे राहत आणि म्हणत, “थोरले विचारत होते, माल कधीपर्यंत होईल?” धाकटे गरजत, “दादाला म्हणावं, तोंडाच्या वाफेनं शिड्या तयार होत नाहीत!” मधले परत डावीकडे येत. “धाकटे म्हणाले, काम चालू आहे.” दोन्हीकडे समाधान. आत गेलेला कोळसा बाहेर येईपर्यंत साखर झालेला असे.

ही कला त्यांनी लहानपणीच कमावली होती. त्यांच्या घरी आई आणि काकू एका स्वयंपाकघरात नांदत होत्या, आणि दोघींचं सख्य विळ्या-भोपळ्याचं. एकीचा निरोप दुसरीला जसाच्या तसा सांगितला की त्या दिवशी चूल पेटत नाही, हे या पोराच्या लवकर ध्यानात आलं. तो निरोप पोटासाठी सुधारू लागला. काकूनं “तुझ्या आईला म्हणावं, हात जरा कमी आखडता घे,” असं म्हटलं की हा आईला सांगे, “काकू म्हणते, आज तू वाढ.” घर शांत राहिलं, पोरं जेवून उठली. ज्याला अशा शाळेतून पहिला नंबर मिळालाय, त्याला दोन मालक म्हणजे काय मोठं?

आणि खरं सांगायचं तर मधले सुखी होते. सकाळी आले की आधी डावीकडे डोकवायचं, मग उजवीकडे. दोन्हीकडे चहा व्हायचा. कामगार म्हणायचे, मधले आहेत म्हणून छप्पर जागेवर आहे. ते ऐकलं की ते “छे, छे” म्हणत आणि मनात ते वाक्य घडी करून ठेवत. कोणाला न दुखावता माणसाचं आयुष्य निघावं, याहून मोठी हाव त्यांना नव्हती. मला विचाराल तर ही हावसुद्धा काही लहान नव्हे. पण ते पुढे येईल.

झालं असं, की थोरल्यांनी एका नव्या पुरवठादाराकडून रिव्हेट, म्हणजे धातू जोडायचे खिळे, घेतले. घडीच्या शिडीला दोन्ही पाय धरून ठेवणारी जी आडवी पट्टी असते, ती या रिव्हेटवर तरलेली असते. माल दिसायला चकचकीत होता, शिवाय स्वस्त. धाकट्यांनी नव्या रिव्हेटची एक शिडी वजनाखाली उभी केली आणि पट्टी निखळली. ते तडक दारात आले. “मधले, दादाला सांगा, हे रिव्हेट आजच्या आज परत पाठव. या रिव्हेटची एक जरी शिडी फाटकाबाहेर गेली तर मी कारखान्याला कुलूप घालीन. स्वस्ताच्या नादात लोकांना वरून खाली पाडायचंय का, विचारा त्याला!”

मधले डावीकडे गेले. तिथे थोरले खुशीत होते. मोठी ऑर्डर हाती लागली होती, आणि त्यांचा रक्तदाब कित्येक दिवसांनी जागेवर आला होता, असं थोरल्या वहिनींनी सकाळीच कळवलं होतं. अशा माणसाच्या डोक्यावर कुलूप आपटायचं? मधल्यांनी घसा साफ केला. “धाकटे म्हणत होते, नवे रिव्हेट जरा नाजूक वाटतात. बघायला हवेत.”

“बघ म्हणावं सवडीनं,” थोरले म्हणाले. “आधी ही ऑर्डर जाऊ दे.”

मधले उजवीकडे आले. यातला ‘आधी ही ऑर्डर जाऊ दे’ हा तुकडा धाकट्यांच्या कानावर घातला असता तर भडकाच उडाला असता. म्हणून तो त्यांनी वाटेतच गाळला. “थोरले म्हणाले, बघा.”

धाकट्यांना वाटलं, दादानं पहिल्यांदाच मुकाट्यानं ऐकलं. त्यांनी पुढच्या कामाला जुन्या साठ्यातले रिव्हेट काढले, नव्या रिव्हेटच्या तयार शिड्या पुन्हा उकलायच्या म्हणून फाटकापाशी बाजूला लावून ठेवल्या आणि मुलीच्या कॉलेजच्या कामासाठी दोन दिवस बाहेर गेले. थोरल्यांना वाटलं, फाटकापाशी लावल्यात म्हणजे धाकट्यानं त्या बघून पास केल्या. त्यांनी ट्रक बोलावला. शिड्या गेल्या.

महिना गेला. एक दिवस एक हार्डवेअरवाला खांद्यावर शिडी घेऊन आला आणि ती त्यानं बोळात आडवी टाकली. “दुकानात उघडायला गेलो तर पट्टी हातात आली. बोट चेमटलंय, हे बघा. वर चढलो असतो तर?” धाकट्यांनी शिडी उलटी केली, रिव्हेट पाहिला, आणि त्यांचा चेहरा उतरला.

त्याच वर्षी तपासणी खात्यानं नवा नियम काढला होता. माल सदोष निघाला असं कळलं तर कारखानदारानं आपण होऊन खात्याला कळवायचं, गिऱ्हाइकांना सांगायचं आणि माल परत घ्यायचा. कळवलं तर समज देऊन सोडतील. लपवलं आणि दुसऱ्या कोणाकडून कळलं, तर परवाना रद्द. कळवायच्या अर्जात एक प्रश्न होता: हा माल बाहेर सोडण्याचा निर्णय कोणी घेतला?

“मी घेतला नाही,” धाकटे म्हणाले. “मी बजावून सांगितलं होतं. विचारा दादाला, माझं ऐकायचं नव्हतं तर हो कशाला म्हणालास?”

“मी घेतला नाही,” थोरले म्हणाले. “त्यानं पास केला म्हणून गेला. विचारा त्याला, आता अंगाशी आल्यावर हात का झटकतोस? आणि म्हणावं, कळवायबिळवायचं काही नाही. गुपचूप ट्रक फिरवू आणि माल आणू. बाजारात नाव जाईल.”

“नाव गेलेलं परवडलं, पाय गेलेले नाही,” धाकटे म्हणाले. “सांगा त्याला.”

त्या दिवशी मधले बोळातून इतक्या फेऱ्या मारत होते की चहावाल्या मावशींनी त्यांना दोनदा बसा म्हणून सांगितलं. आणि गंमत पाहा, तेव्हासुद्धा ते ‘हात का झटकतोस’चं ‘नीट आठवून बघा’ करत होते. सवय जाते थोडीच! पण दुपारकडे, बोळाच्या बरोबर मध्यावर, त्यांचे पाय थांबले. एक भाऊ दुसऱ्याला खोटारडा समजत होता. दुसरा पहिल्याला बेपर्वा समजत होता. खोटं कोणीच बोललं नव्हतं, बेपर्वाही कोणी नव्हतं. निर्णय डावीकडे झाला नव्हता, उजवीकडेही झाला नव्हता. तो या चार पावलांच्या बोळात झाला होता, आणि इथे दुसरं कोणीच बसत नव्हतं.

मधले लवकर घरी गेले.

त्यांची बायको शिवणकाम करी. मशीनवर बसूनच तिनं सगळं ऐकून घेतलं.

“तुम्ही खोटं कधी बोलला नाहीत,” ती म्हणाली.

“तेच म्हणतोय मी.”

“पण खरंही कधी पुरतं पोचवलं नाहीत. मला तर लग्नापासून कळलं नाही, तुमच्या आईला मी आवडत होते की नाही.”

“आवडत होतीस.”

“बघा!” ती म्हणाली आणि हसली. मग तिनं पाय मशीनवरून काढले. “अहो, एखादी पट्टी निखळली तर आज कोणाचं बोट चेमटतं, उद्या कोणाचं माकडहाड मोडेल. तुम्हाला काय वाटतं, नोकरी जाईल?”

“नोकरीचं नाही गं. ते दोघं माझ्याकडे बघणार कसे?”

“बघतील जसे बघायचे तसे. तुम्ही सांगा तर आधी.”

दुसऱ्या दिवशी मधल्यांनी बोळात आपल्या टेबलासमोर दोन खुर्च्या मांडल्या. मालकांच्या खोल्यांत बैठक होणं शक्य नव्हतं. याच्या दारात तो पाय ठेवत नसे. बोळ मात्र कोणाच्याच मालकीचा नव्हता. आधी थोरल्यांना आणून बसवलं, मग धाकट्यांना. दोघंही समोरच्या भिंतीकडे बघत बसले.

मधले उभे राहिले. बसून बोलणं त्यांना जमलं नसतं. “मी जे निरोप दिले ते अर्धवट दिले,” ते म्हणाले. “आता पुरते देतो.” आणि त्यांनी सगळं सांगितलं. कुलूप, फाटक, वरून खाली पडणारे लोक, आधी जाऊ द्यायची ऑर्डर. एकही शब्द न धुता, जसा तोंडातून निघाला होता तसा. त्यांच्या कपाळावर घाम आला होता आणि आवाज चिरका निघत होता.

थोरले मधल्यांकडे वळले. “असं म्हणाला हा? कुलूप घालीन म्हणाला?”

“ते समोर बसलेत,” मधले म्हणाले. “त्यांनाच विचारा.”

थोरल्यांची मान वळायला बराच वेळ लागला. “असं म्हणालास तू?”

“म्हणालो,” धाकटे म्हणाले. “आणि तुला ते कळलंच नाही?”

“मला ‘नाजूक’ कळलं.”

“नाजूक?” धाकटे उठलेच. “मधले! पट्टी निखळून पडली आणि तुम्ही नाजूक म्हणालात?”

मधल्यांनी मान खाली घातली. थोरले मात्र काहीतरी आठवत होते. “थांबा,” ते म्हणाले. “मी दवाखान्यात होतो तेव्हा यानं निरोप धाडला होता. ‘लवकर बरे व्हा, तुमच्यावाचून अडतंय.’ तोही तुम्हीच रचला?”

मधल्यांना वाटलं, आता खोटं बोलावं. एकदाच, शेवटचं. पण त्यांनी खरं तेच सांगितलं. “त्यांनी विचारलं होतं, अजून किती दिवस लोळत पडणार?”

धाकट्यांचे कान लाल झाले. बोळाच्या टोकाला मावशी चहाचा ट्रे धरून उभ्या होत्या, त्या पुढेही येईनात आणि मागेही जाईनात.

“पण अडत होतं,” धाकटे पुटपुटले. “वसुलीचं मला काय कळतं? रोज अडत होतं.”

“मग तसं सांगायचंस.”

“कोणाला सांगू? तू बोलत होतास?”

“तू तरी कुठे बोलत होतास!”

आणि मग जे भांडण जुंपलं, ते काय वर्णावं! निळ्या शिड्या निघाल्या, हिरव्या निघाल्या, वडिलांनी कोणाला सायकल घेऊन दिली होती तेही निघालं. आत कामगारांनी यंत्रं बंद केली आणि जाळीला कान लावले. इतक्या वर्षांचं उट्टं, भाऊच ते, तोंडाला तोंड भिडवून काढत होते. मधले मात्र भिंतीला टेकून ऐकत होते. त्यांना भीती वाटायला हवी होती. पण वाटत होतं भलतंच. ओझं उतरवलेल्या हमालाला वाटतं तसं. हा सगळा गोंगाट ते एकटे पोटात घेऊन वावरत होते, आणि तो एवढा जड होता हे त्यांना आज कळत होतं.

दमल्यावर दोघं कामाचं बोलले. थोरल्यांचं म्हणणं अजून तेच, गुपचूप आणू. धाकट्यांनी विचारलं, “आणि त्या हार्डवेअरवाल्यानं खात्यात जाऊन बोट दाखवलं तर? चेमटलेलं आहे ते.” थोरल्यांना नको असताना हसू आलं, आणि तिथेच त्यांची हरकत ढिली पडली.

“बरं, लिहू. पण निर्णय कोणाचा, याच्यापुढे काय लिहायचं? कोणीच घेतला नाही असं कसं लिहिणार?”

“माझं नाव लिहा,” मधले म्हणाले.

“तुमचं कसं लिहू? तुम्हाला अधिकार कधी दिला होता आम्ही?” थोरल्यांनी पेन काढलं. “दोघांचं लिहितो. बोलायचं नाही, हे आम्हा दोघांचंच ठरलं होतं ना!” धाकट्यांनी मान हलवली. त्या मानेतलं ‘हो’ पोचवायला कोणाची गरज लागली नाही.

खात्यानं पुढे रीतसर कान उपटले, दोनदा तपासणी केली आणि परवाना राहू दिला. हे आताच सांगून टाकतो, उगाच कोणाचा जीव टांगणीला नको. पण त्या दुपारी जीव खरोखर टांगणीला होता तो शिड्या विकत घेतलेल्यांचा. दुकानदारांकडून गिऱ्हाइकांचे नंबर मिळवले होते. फोन करायचे होते, लगेच, एकेकाला.

“मधले करतील,” थोरले म्हणाले.

“हे?” धाकटे म्हणाले. “हे पुन्हा नाजूक म्हणतील.”

पण मधल्यांनी फोन ओढून घेतलाच. पहिला फोन एका वाचनालयाच्या बाईंना लागला. “नमस्कार, आपण आमची शिडी घेतलीत, आभारी आहोत,” मधले मधाळ आवाजात सुरू झाले, “त्यात किंचित सुधारणा करायची आहे, तेव्हा सवड झाली की…” धाकट्यांनी टेबलावर हात आपटला. मधले दचकले. डोळे मिटून घेऊन म्हणाले, “बाई, तिच्यावर चढू नका. ती मोडते. आम्ही आज घेऊन जातो.” पलीकडून बाई म्हणाल्या, “बरं झालं सांगितलंत.” एवढंच. आकाश कोसळलं नाही. मधल्यांनी डोळे उघडून दोघांकडे पाहिलं, त्यांना स्वतःलाच नवल वाटत होतं.

पुढचा नंबर एका रंगाऱ्याचा होता. बराच वेळ घंटी वाजत राहिली.

“हां, बोला लवकर,” रंगारी म्हणाला. “एका हातात ब्रश आहे.”

“तुम्ही आमच्या कारखान्याची घडीची शिडी घेतली होती?”

“घेतली की. तिच्यावरूनच बोलतोय. छताला दुसरा हात चाललाय.”

थोरले अर्धवट उठले, धाकटे फोनला कान लावायला वाकले.

“खाली उतरा,” मधले म्हणाले.

“काय म्हणालात?”

“उतरा! आत्ता! शिडी खराब आहे, मोडेल. फोन खिशात टाका, दोन्ही हातांनी धरा आणि उतरा. बोलू नका, उतरा!”

त्यांचा हा आवाज कारखान्यात कोणी कधी ऐकला नव्हता. मधल्यांनी स्वतःही नव्हता. फोनमध्ये कापडाची खरखर झाली, पत्र्याच्या डब्याचा आवाज आला, मग एकेक पायरी करकरली. तिघांची डोकी त्या एका फोनवर चिकटली होती. एक पायरी, दुसरी, मग काहीच नाही. मग पुन्हा एक.

“उतरलो,” रंगारी म्हणाला. त्यालाही धाप लागली होती. “अहो, सकाळपासून चढउतार करतोय मी हिच्यावर. घरी दोन पोरं आहेत माझी. हे आधी नाही का सांगायचं?”

“सांगायला हवं होतं,” मधले म्हणाले. “मी सांगितलं नाही. चूक माझी आहे.”

“बरं,” रंगारी म्हणाला. “आता सांगितलंत ना. शिडी भिंतीला लावून ठेवतो, घेऊन जा.”

मधले मटकन खुर्चीत बसले. डोळ्यांत पाणी आलं होतं, ते त्यांनी लपवलं नाही. मावशींनी न मागता तीन कप चहा टेबलावर ठेवला. धाकट्यांचा हात थोरल्यांच्या खांद्यावर होता, आणि ते दोघांच्याही लक्षात आलेलं नव्हतं.

“पुढचा नंबर वाच,” धाकटे म्हणाले.

थोरल्यांनी चष्मा लावला आणि वाचायला सुरुवात केली.